कंसातलं नाव

कॉलेजांची तपासणी करून श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात दोन गोष्टी हमखास होतात. कुंड्यांना गेरू लागतो आणि प्राणिशास्त्राच्या म्युझियमचं कुलूप निघतं. म्युझियम हे नाव जरा मोठंच झालं. प्रयोगशाळेच्या मागे एक लांबट खोली आहे, तिच्यात भिंतीला लागून कपाटं आणि कपाटांत बरण्या. फॉर्मलिनमध्ये पिवळे पडलेले विंचू, काचेच्या पट्टीवर दोऱ्याने बांधलेला सरडा, दोन तोंडांचं कोकरू (ते बघायला बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतली माणसंही डोकावून जातात). यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुली ओली फडकी घेऊन बरण्या पुसत होत्या आणि मी रजिस्टरवर खुणा करत बसलो होतो. एकीने मृदुकाय प्राण्यांच्या कपाटातली एक बरणी उचलली, लेबल वाचलं, मोबाईलवर काहीतरी टाकलं आणि म्हणाली, "सर, हे नाव त बंद झालं म्हनते."

लेबलावर काळ्या शाईत, आमच्या आधीच्या विभागप्रमुखांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : सेरिथिडिया सिंग्युलाटा, भाट्ये खाडी, रत्नागिरी, ओहोटी, चिखल. खाली तारीख. मोबाईलवर समुद्री जिवांची जागतिक नोंदवही उघडली होती, वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पिशीज. तिथे या नावापुढे 'अनॲक्सेप्टेड' असा शेरा आणि त्याखाली चालू नाव, पिरेनेला सिंग्युलाटा. मी म्हटलं, हो, शास्त्रज्ञांनी बदललंय ते. ती बरणी पुसत राहिली. मग मान वर न करताच म्हणाली, "पन बंद कराचं कोनाच्या हाती राह्यते सर?"

तेवढ्यात प्राचार्यांचा निरोप आला आणि विषय तिथेच राहिला. पण 'शास्त्रज्ञांनी' हे काही उत्तर नव्हे. गावात 'सरकारने' म्हणतात, त्यातलंच ते.

संध्याकाळी मुली गेल्यावर मी ती बरणी टेबलावर घेतली. आत आठ-दहा शंख. बोटाच्या पेराहून थोडे मोठे, निमुळते, टोकदार. प्रत्येक वेढ्यावर बारीक मण्यांच्या ओळी आणि तोंडाशी बाहेर वळलेली जाड कड. रंग एकेकाळी तपकिरी असणार, त्यात गडद पट्टे. आता सगळं पांढुरकं झालंय. फॉर्मलिन जुनं झालं की आंबट होतं, म्हणजे त्यात आम्ल तयार होतं, आणि शंख तर चुन्याचा. वर्षानुवर्षं तो आतल्या आत खरवडला जातो. म्हणून शंखशिंपल्यांना अल्कोहोल बरं, नाहीतर फॉर्मलिनमध्ये चिमूटभर बोरॅक्स. आमच्याकडे अल्कोहोलच्या मागणीचा कागद वर गेला की तो वरच राहतो, त्यामुळे बोरॅक्स. एका शंखाच्या तोंडाशी अजून झाकण होतं. गोल, पातळ, शिंगाच्या रंगाचं, त्यावर मधोमध सुरू होऊन बाहेर येत गेलेली बारीक रेघ. हा प्राणी आत जाताना दार लावून घेतो. कोणी तरी रत्नागिरीत त्याला उचललं तेव्हा त्याने लावलेलं दार यवतमाळ जिल्ह्यात येऊनही तसंच होतं.

कोण म्हणजे आमचीच पोरं. रत्नागिरीची स्टडी टूर ही विदर्भातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पंढरपूरची वारी. बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, कोल्हापूरला उतरायचं, पुढे एसटीने आंबा घाट. घाटात निम्मी मुलं उलट्या करतात, उरलेली गाणी म्हणतात. मी विद्यार्थी म्हणूनही गेलो आणि मास्तर म्हणूनही जातो, आणि दोन्ही वेळा समुद्र दिसल्यावर पहिली पाच मिनिटं कोणीच काही बोलत नाही, मग एकदम सगळे बोलतात. आमच्याकडे पाणी म्हणजे धरणाचं, कालव्याचं, टँकरचं. इतकं पाणी आणि पिकाला एक थेंब कामाचा नाही, हे एका पोराने तिथल्या तिथे बोलून दाखवलं होतं. पण मला खरी मजा येते ती पुळणीवर नाही, खाडीत. पुळण सगळ्यांना आवडते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि मुंबई-पुण्याकडची मुलं तिथे नाक दाबून काठावर उभी राहतात. आमची पोरं चपला हातात घेऊन सरळ आत. काळ्या मातीत पावसाळा काढलेल्यांना चिखलाचं काय? फरक इतकाच की आपला चिखल पायाला धरून वर येतो, पावलागणिक पाय जड होत जातो, आणि खाडीतला पाय खाली ओढतो. "सर, वावरावानीच हाय," एकजण पोटरीपर्यंत रुतून म्हणाला होता, "फक्त खारं वावर."

त्या खाऱ्या वावरात ही गोगलगाय शेकड्यांनी असते. दुरून चिखलावर खडे पडलेत असं वाटतं. वाकून पाहिलं की खडे हलताना दिसतात, आणि प्रत्येकामागे एक बारीक, वळणावळणाची चर उमटलेली असते. चिखलाच्या वरच्या पापुद्र्यावर सूक्ष्म शैवाल असतं, डायटम असतात, कुजलेल्या पानांचा भुगा असतो. तो खरवडत ती चाललेली असते. भरती आली की चरी पुसल्या जातात, पुढच्या ओहोटीला नव्या. या कामासाठी तिच्या तोंडात कानशीवजा पट्टी असते, रॅड्युला, तिच्यावर दातांच्या ओळी, एका ओळीत सात दात. २-१-१-१-२ हे सूत्र प्राणिशास्त्राच्या कोणत्याही जुन्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा. आम्ही ते पायलावर शिकलो. पायला ग्लोबोसा म्हणजे आपल्या तळ्यातली, धानाच्या बांधीतली मोठी गोल गोगलगाय, भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात ढिगाने. तिच्या तोंडाचा लालसर गोळा कॉस्टिकमध्ये उकळायचा, मांस विरघळलं की तळाशी एक पारदर्शक फीत उरते, ती ब्रशने उचलून काचपट्टीवर. सूक्ष्मदर्शकाखाली ते सात-सात दात ओळीने उभे दिसले की अंगावर काटा यायचा. आता विच्छेदनं बंद झाली, आणि चांगलंच झालं, पण ती फीत न बघताच सूत्र पाठ करणारी मुलं बघितली की मला जरा चुटपुट लागते.

तर, नाव.

या खाडीतल्या गोगलगायीला शास्त्रीय नाव दिलं ते योहान फ्रीडरिख ग्मेलिन नावाच्या जर्मन प्राध्यापकाने, १७९१ मध्ये. प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची शिस्त घालून देणारा लिनिअस १७७८ मध्ये वारला होता. त्याच्या 'सिस्टिमा नॅच्युरी'ची तेरावी आवृत्ती ग्मेलिनने काढायला घेतली आणि त्यात मधल्या काळात जमलेलं सगळं कोंबलं. हा माणूस गॉटिंगेनमध्ये बसून लिहीत होता. हजारो प्राण्यांची त्याने नोंद केली, त्यातले बहुतेक त्याने पाहिलेही नव्हते. दुसऱ्यांच्या ग्रंथांतली वर्णनं आणि चित्रं समोर ठेवून तो दोन शब्दांची नावं देत गेला : पहिला शब्द जीनसचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, दुसरा जातीचा. शंखांच्या बाबतीत त्याचा मोठा आधार म्हणजे कोपनहेगनचा पाद्री चेम्निट्झ याचे रंगीत चित्रांचे ग्रंथ. चेम्निट्झकडे शंख यायचे ते जगभरच्या डॅनिश ठाण्यांतून, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहूनही. पण चेम्निट्झ नावं द्यायचा ती लिनिअसच्या दोन शब्दांच्या शिस्तीत नसत, म्हणून ती धरली जात नाहीत. मेहनत त्याची, चित्रं त्याची, आणि श्रेय मिळालं ते ती चित्रं बघून नाव लिहिणाऱ्या ग्मेलिनला. मला यात दरवेळी थोडा राग येतो, पण नियम तो नियम.

ग्मेलिनने लिहिलं म्युरेक्स सिंग्युलाटस. म्युरेक्स हा तेव्हा खोगीरभरतीचा जीनस होता. काटेरी, खवल्यांचे, गाठी असलेले कितीतरी शंख त्यात. पुढे ही गोगलगाय त्या गर्दीतून निघाली. कोणी तिला सेरिथियममध्ये ठेवलं, कोणी पोटॅमायडिसमध्ये, मग स्वेन्सनने १८४० मध्ये केलेल्या सेरिथिडियात ती बरीच वर्षं राहिली, आणि आमच्या सरांनी बरणीवर लिहिलं ते हेच. १९२९ मध्ये योहानेस थीलेने सेरिथिडियोप्सिला असा एक गट काढला होता. नंतरचे अभ्यासक हिला त्या नावाने लिहू लागले. इथवर सगळं शंखाचा आकार, दात, आतली शरीररचना बघून चाललं होतं. मग डीएनए आला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले डेव्हिड रीड आणि त्यांचे सहकारी या दलदलीतल्या गोगलगायींच्या कुळामागे लागले. २०१६ मध्ये रीड आणि ओझावा यांनी दाखवलं की थीलेचा गट आणि भूमध्य समुद्राकडच्या पिरेनेलांचा गट हे वेगळे धरायचं कारण नाही, एकच घर आहे. मग घराला नाव कोणाचं? जे आधीचं त्याचं. पिरेनेला हे नाव ग्रेने १८४७ मध्ये दिलेलं, थीलेचं १९२९ चं. थीले बाद.

एवढ्या मुक्कामांत जातीचं नाव मात्र टिकलं. शेवटचा सिंग्युलाटस तेवढा सिंग्युलाटा झाला, कारण लॅटिनमध्ये म्युरेक्स पुल्लिंगी आणि पिरेनेला स्त्रीलिंगी. आणि ग्मेलिन गेला कंसात. आता पूर्ण नाव लिहायचं ते असं : पिरेनेला सिंग्युलाटा (ग्मेलिन, १७९१). प्राण्यांच्या नामकरणाची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे तिचा हा नियम. नाव देणाऱ्याने ज्या जीनसमध्ये जात ठेवली होती तिथेच ती आजही असेल तर त्याचं नाव उघडं लिहायचं. ती दुसरीकडे गेली असेल तर कंसात. परीक्षेत मुलं हा कंस हमखास विसरतात, कारण त्यांना तो शोभेचा वाटतो.

म्हणून वर्गात मी सातबारा काढतो. माझ्या वर्गातलं शेतकऱ्याच्या घरचं नसलेलं मूल शोधावं लागेल, त्यामुळे कंस म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. माझे वडील गेले तेव्हा वारसांची नोंद घातली, नोटीस निघाली, हरकतीची मुदत संपली, मंडळ अधिकाऱ्याची सही झाली आणि तलाठ्याने नवा उतारा हातात दिला. गट नंबर तोच, आकार तोच, धुऱ्यावरचं बाभळीचं झाड तेच. वडिलांचं नाव कंसात आणि खाली आम्हा भावंडांची नावं. गावात म्हणतातच, "आज्याचं नाव कंसात गेलं." तलाठी कार्यालयाच्या पायरीवर तो कागद घेऊन मी बराच वेळ उभा होतो. मरणाच्या दाखल्याने जे झालं नव्हतं ते त्या दोन अर्धगोल रेघांनी केलं. आपल्याकडे कंस म्हणजे हक्क संपला. ग्मेलिनच्या कंसाचं मात्र उलटं आहे. जीनस बदलो, कुळ बदलो, उद्या आणखी कोणी पिरेनेलाचे तुकडे पाडो, सिंग्युलाटा हे नाव जोवर चालतं तोवर ग्मेलिनला त्या ओळीतून कोणी काढू शकत नाही. त्याने न पाहिलेल्या खाडीतल्या गोगलगायीवर त्याचा हा बोजा कायमचा चढलेला.

आणि त्या नोंदवहीच्या पानावर खाली जी जुन्या नावांची लांबलचक यादी असते ती म्हणजे गाव नमुना सहा, फेरफारांची वही. कोणी, कोणत्या साली, कुठे हलवलं, सगळं तिथे. जुनं नाव खोडत नाहीत. ते चालू नावाच्या खात्याला जोडून ठेवतात, म्हणजे १९७० चा एखादा निबंध वाचणाऱ्याला कळावं की हा ज्याच्याबद्दल बोलतोय तो प्राणी हाच.

पण मुलीचा प्रश्न तलाठ्याचा होता. बंद करायचं कोणाच्या हाती? आणि इथे सातबारा साथ सोडतो, कारण इथे तलाठी नाही. १८९५ मध्ये नेमलेला एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, पण तो फक्त नावांची भांडणं सोडवतो : कोणतं नाव आधीचं, कोणतं नियमात बसतं, दोन प्राण्यांना एकच नाव पडलं तर कोणाचं राखायचं. प्राणी कोणाचा नातलग, हे तो सांगत नाही. संहिता तर मुद्दामच त्यात पडत नाही. नातं ठरवायचं ते अभ्यास करणाऱ्याने, पुरावा मांडून आणि छापून. दुसऱ्याला पटलं तर तो ते नाव वापरतो, नाही पटलं तर जुनंच लिहितो किंवा आपला वेगळा पुरावा छापतो. हरकतीला मुदत नाही, शंभर वर्षांनीही घ्या. मोबाईलवरचा तो शेरासुद्धा कोणत्या सरकारचा हुकूम नव्हता. शंखांच्या नोंदी सांभाळणारे संपादक नवे निबंध वाचून, आज सगळ्यात पटणारं मत कोणतं ते टिपून ठेवतात. आपल्याकडचे बरेच संशोधक आजही सेरिथिडिया सिंग्युलाटाच लिहितात. त्यांच्यावर कोणी केस करत नाही.

हे मला मनापासून आवडतं आणि तितकंच त्रासदायकही वाटतं. आवडतं, कारण इतकं मोठं काम निव्वळ पटवून देण्यावर चाललंय. त्रास होतो तो मास्तर म्हणून. आमच्या पाठ्यपुस्तकांत गोगलगायींचे जे गण वर्षानुवर्षं शिकवले, प्रोसोब्रँकिया, मेसोगॅस्ट्रोपोडा, ती चौकट मुख्यतः या थीलेच्याच १९२९ ते १९३५ दरम्यान निघालेल्या ग्रंथातून रुजलेली. गेल्या तीसेक वर्षांत अभ्यासकांनी ती मोडली. हे गट एका पूर्वजाचे वंशज म्हणून टिकत नाहीत असं दिसलं. पण प्रॅक्टिकलला स्पॉटिंगच्या टेबलावर बरणी ठेवलेली असते, घंटी वाजते, दोन मिनिटांत ओळखा आणि वर्गीकरण लिहा. बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे उत्तरपत्रिका असते, तिच्यात मेसोगॅस्ट्रोपोडा. नवं लिहिणाऱ्या पोराचा अर्धा गुण जातो. मी मुलांना दोन्ही सांगतो आणि कुठे काय लिहायचं तेही सांगतो. शास्त्र शिकवतोय की व्यवहार, हा प्रश्न मला पडतो. त्याचं उत्तर पगाराच्या दिवशी एक असतं आणि इतर दिवशी दुसरं.

२०१६ च्या त्या कामात आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यामुळे मला आमच्या निवृत्त सरांबद्दल नव्याने आदर वाटला. सिंग्युलाटा म्हणून हिंदी महासागरापासून जपानपर्यंत जी एक गोगलगाय मानली जात होती ती एक नव्हतीच. शंख पाहून ओळखू येऊ नयेत इतक्या सारख्या, पण वेगळ्या जाती त्या एका नावाखाली राहत होत्या. पूर्व आशियाच्या किनाऱ्यावरच्यांना वेगळी नावं मिळाली, आशियाटिका, निपोनिका, प्युपिफॉर्मिस. म्हणजे नुसतं 'सिंग्युलाटा' लिहून ठेवलेल्या जगभरच्या बरण्या एका रात्रीत संशयात आल्या. कोणती कुठली? ते सांगू शकते फक्त लेबलावरची जागा. आमच्या सरांचा टूरवर एकच धोशा असायचा, "नाव मागाहून लिहा, जागा आत्ता लिहा." पोरं हसायची. चिखलाने माखलेल्या हाताने पेन्सिल धरून ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायला लावायचे : खाडी, ओहोटी की भरती, वाळू की चिखल, तारीख. चिटोरा बरणीच्या आत, कारण बाहेरचं लेबल झुरळं खातात. त्यांनी लिहिलेलं नाव आज चालत नाही. त्यांनी लिहिलेल्या जागेवरून मात्र, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरची म्हणजे हीच, असं मी टेबलापाशी बसून म्हणू शकलो.

आम्ही जुनं लेबल काढलं नाही. म्युझियमची रीत तशीच असते. नवी चिठ्ठी जोडायची, तिच्यावर चालू नाव, नाव ठरवणाऱ्याचं नाव आणि साल. मुलीने तिच्या अक्षरात लिहिलं. नाव ठरवणारा म्हणून कोणाचं घालू, असं तिने विचारलं तेव्हा मी तिचंच घालायला सांगितलं. ती लाजली, पण कंस अगदी ठसठशीत काढला.

समिती आली, चहा झाला, दोन तोंडांच्या कोकराचा फोटो काढून गेली.

समुद्र नसलेल्या मुलखात बसून खाडीतल्या गोगलगायींची उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. घरीही म्हणतात. पण या उठाठेवीची आपल्याकडे परंपरा आहे. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता, ज्याच्या नावाचं कॉलेज आजही आहे. तो आणि त्याचा जोडीदार रॉबर्ट हंटर टाकळीच्या आसपास दगड फोडत हिंडायचे. दोन लाव्हांच्या थरांमध्ये जो गाळाचा पातळ थर सापडतो त्यात त्यांना शंख मिळाले, आणि १८५५ मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध लंडनला छापून आला. १८६० च्या निबंधात हिस्लॉपने नागपूरकडच्या गोड्या पाण्यातल्या शंखांबरोबर आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या थरांतले, खाडीच्या पाण्यातले शंखही वर्णन करून ठेवले. म्हणजे खाडीच्या चिखलातल्या गोगलगायींना नावं देणारा नागपूरकर दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला. त्याचा शेवटही याच छंदात झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना तो पाण्यात बुडाला.

आपल्या भागात या थरांतला सगळ्यात ओळखीचा शंख म्हणजे फायझा प्रिन्सेपी. माल्कमसन या मद्रासकडच्या फौजी डॉक्टरने गोळा केलेल्या नमुन्यांवरून सॉवर्बीने १८४० मध्ये त्याला हे नाव दिलं. जुन्या भूगर्भशास्त्रज्ञांना तो तोंडपाठ, कारण हा दिसला की खाली-वर लाव्हा आणि मध्ये एके काळचं तळं, असं समजायचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं तळं. त्याचंही घर बदललं. मध्ये कोणी बुलिनस म्हणाले, आता प्लॅटीफायझा लिहितात, आणि सॉवर्बीही कंसात गेला. तळं म्हणावं तर त्यातही मेख आहे. छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीला अशाच थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांची कवचं सापडली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. छिंदवाडा नागपूरहून लांब नाही. समुद्राचा एखादा फाटा तेव्हा मध्य भारतात शिरला होता, असं ते काम करणाऱ्यांचं म्हणणं. हे वाचल्यापासून आमच्या पोरांना 'आपल्याकडे समुद्र नाही' असं सांगताना मी 'सध्या' हा शब्द घालतो.

दिवाळीनंतर वावरात गेलो होतो. सोयाबीन निघून गेलेलं, ट्रॅक्टरने खोल नांगरट केलेली, आणि धुऱ्याच्या कडेला ढेकळांतून पांढऱ्या-राखाडी गारगोटीचे तुकडे वर आलेले. एक तुकडा उचलून पाण्याच्या बाटलीने धुतला. काचेसारखा फुटलेला दगड, त्यात नखाएवढे चार-पाच शंख, एक तर मधोमध उभा चिरलेला, आतले वेढे मोजता यावेत इतका स्वच्छ. तोंड डावीकडे उघडणारं. शंख टोक वर करून धरला की बहुतेकांचं तोंड उजवीकडे येतं, या कुळातल्यांचं डावीकडे. ही खूण साडेसहा कोटी वर्षांत बदललेली नाही. मी उन्हात धरून बघत होतो तर शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर येऊन उभे राहिले. आमच्या वडिलांच्या बरोबरीचे. मोजणीवरून आमच्या दोन घरांत वीस वर्षं बोलणं नव्हतं, आता आहे, पण जपून.

"काय सापडलं मास्तर?"

मी सांगितलं. गोगलगाय आहे, दगड झालेली, दोन लाव्हांच्या मधल्या काळातली, इथे तळं होतं तेव्हाची. त्यांनी दगड हातात घेतला, फिरवून पाहिला, अंगठ्याने त्या चिरलेल्या वेढ्यांवरून हात फिरवला. नाव विचारलं. मी ते पूर्ण सांगितलं, कंसासकट, आणि आधी काय म्हणत, आता काय म्हणतात, तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पायाखालचा धुरा पाहिला, माझ्या बाजूचा किती, त्यांच्या बाजूचा किती, असा अंदाज घेतला.

"नाव तुमी काईबी ठेवा मास्तर," ते म्हणाले, "पन धुऱ्यावर सापडला हाय. अर्धा माहा."